वाघाचा नकार

मार्च २०२० च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातली नादिया ही चार वर्षांची मलायन वाघीण कोरडे खोकू लागली. शहरात करोनाची साथ ऐन भरात होती. वाघिणीलाही तोच आजार झाला असावा अशी शंका आली, पण तिच्या नाकाघशातला नमुना घ्यायचा तर तिला पुरती भूल देण्यावाचून इलाज नव्हता. तशी भूल दिली, नमुने घेतले, क्ष-किरण तपासणीही त्याच गुंगीत उरकून घेतली, आणि वाघाला करोना झाल्याची जगातली पहिली नोंद झाली. तिच्याबरोबरच्या इतर वाघसिंहांना त्यासाठी पुन्हा कुणी भूल दिली नाही. त्यांच्या विष्ठेतच विषाणू शोधला. पुढे सव्वा वर्षाने, जुलै २०२१ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या ओकलंड प्राणिसंग्रहालयात जिंजर आणि मॉली या दोन वाघिणींना करोनाची प्रायोगिक लस टोचली. या दोघींना भूल द्यावी लागली नाही की कोंडून धरावे लागले नाही. त्या आपल्या पायांनी जाळीपाशी आल्या आणि त्यांनी सुई टोचून घेतली, कारण त्यांना तसे शिकवलेले होते.

वाघाला शिकवणे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सर्कशीचा तंबू उभा राहतो. स्टुलावर बसलेला सिंह, आगीच्या कड्यातून उडी मारणारा वाघ, हातात चाबूक घेतलेला रिंगमास्टर. त्या चित्राबद्दल गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपल्या मनात अढी बसली आणि ती योग्य कारणाने बसली. पण त्या अढीपायी ओकलंडच्या वाघिणींचे शिकणे आणि सर्कशीतल्या वाघाचे शिकणे एकाच मापाने मोजले जाते. बंदिवासातल्या वाघाला, सिंहाला, बिबट्याला माणसाने काही शिकवावे का आणि शिकवायचे तर कोणत्या अटीवर, हा प्रश्न त्यामुळे नीट मांडलाच जात नाही.

आधी भुलीचे बघू, कारण न शिकवण्याची किंमत तिथे कळते. वाघाला भूल द्यायची तर त्याला आदल्या दिवसापासून उपाशी ठेवावे लागते. गुंगीत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. मग फुंकनळीने किंवा बंदुकीने औषधाची सुई मारायची. औषधाची मात्रा वजनावर ठरते, आणि ज्या वाघाला कधी काट्यावर उभे केलेले नाही त्याचे वजन नजरेनेच ठरवावे लागते. गुंगी चढली की शरीराचे तापमान सांभाळण्याची यंत्रणा सैल पडते. नागपूरच्या मे महिन्यात याचा अर्थ काय होतो ते वेगळे सांगायला नको. शिवाय पिंजऱ्यातला वाघ बहुधा रानातल्या वाघापेक्षा जास्त जगतो आणि म्हातारपणी त्याला मूत्रपिंडाचा विकार जडतो. बंदिवासातल्या मोठ्या मार्जारांचे हे नेहमीचे दुखणे आहे. त्याचा वेळीच सुगावा लागायचा तर रक्त तपासावे लागते. म्हणजे ज्या जनावराला भूल सर्वांत धोक्याची, त्यालाच वारंवार रक्ततपासणीची गरज सर्वांत जास्त.

दुसरा मार्ग स्क्वीझ केजचा. या पिंजऱ्याची एक भिंत सरकवत आणतात. जनावर दोन जाळ्यांच्या मध्ये दाबले जाते, त्याला वळता येत नाही, आणि मग सुई टोचतात. काम होते. कधी कधी जीवही वाचतो. पण त्या जनावराला त्यातून एक धडा पक्का मिळतो, तो म्हणजे या खोलीत पाऊल टाकायचे नाही. डॉक्टरांची चाहूल लागताच चवताळणारे वाघ आणि बिबटे कित्येक प्राणिसंग्रहालयांत असतात ते यामुळेच.

यातून माझ्या मनात एक गोष्ट स्पष्ट झाली आहे. पिंजऱ्यातल्या प्राण्याला शिकवावे की शिकवू नये, असा प्रश्नच खरे तर उरलेला नसतो. तो रोज शिकतो आहे. बादलीचा आवाज, किल्ल्यांचा जुडगा, पाण्याचा पाइप, खाकी कपडे, पांढरा कोट, या सगळ्यांचे अर्थ त्याने आपले आपण लावलेले असतात. आपण जाणूनबुजून काही शिकवले नाही तरी भीती शिकवतोच. तेव्हा काय शिकवतो, कशाने शिकवतो आणि कुणासाठी शिकवतो, एवढेच आपल्या हातात राहते.

आता ओकलंडसारख्या ठिकाणी हे शिकवतात कसे ते पाहू. पहिला नियम असा की कीपर आणि वाघ एका आवारात कधीच नसतात. मध्ये जाळी असते. सुरुवातीला शिट्टी वाजवायची किंवा क्लिकर दाबायचा आणि लगेच चिमट्याने मांसाचा तुकडा द्यायचा. काही दिवसांत वाघाला कळते की हा आवाज आला म्हणजे आपण आत्ता जे केले त्याबद्दल मांस मिळणार. मग टोकाला चेंडू लावलेली काठी जाळीबाहेर धरतात. वाघाने त्या चेंडूला नाक लावले की शिट्टी आणि तुकडा. या काठीला टार्गेट म्हणतात. टार्गेट जिकडे सरकेल तिकडे वाघ सरकतो. असे करत करत तो वजनकाट्यावर उभा राहायला शिकतो, मागच्या पायांवर उभे राहून पोट दाखवायला शिकतो, जबडा उघडून दात तपासू द्यायला शिकतो. रक्त घेण्यासाठी तो जाळीला अंग टेकून आडवा होतो. खालच्या फटीतून त्याची शेपटी बाहेर घेतात, तिच्यातल्या शिरेतून रक्त काढतात, आणि तेवढा वेळ दुसरा कीपर तोंडाशी तुकडे देत राहतो. सुई टोचण्याआधी कितीतरी दिवस नुसत्या बोटाचा, मग बोथट काडीचा, मग सुई नसलेल्या सिरिंजचा स्पर्श दिलेला असतो. याला महिनेच्या महिने लागतात. आणि प्रत्येक वेळी वाघाला उठून निघून जाण्याची वाट मोकळी असते.

ही पद्धत कुठून आली हे सांगितले म्हणजे तिचे मर्म कळेल. बक्षिसाने वागणूक कशी घडते याचा अभ्यास अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्रयोगशाळेत केला. केलर आणि मॅरियन ब्रेलंड या त्यांच्या शिष्य दांपत्याने १९४० च्या दशकात तो प्रयोगशाळेबाहेर आणला. १९६० च्या दशकात हवाई बेटांवरच्या सी लाइफ पार्कमध्ये कॅरन प्रायर यांनी डॉल्फिन शिकवायला घेतले. डॉल्फिनला लगाम घालता येत नाही आणि चाबूक दाखवून उपयोग नसतो. तो नुसता पोहत लांब निघून जातो. त्यामुळे ज्याला जबरदस्ती करणे शक्यच नाही अशा प्राण्याला शिकवता शिकवता ही विद्या घासूनपुसून नीट झाली. वाघ मात्र पिंजऱ्यात असतो, लांब जाऊ शकत नाही. त्याला जबरदस्ती करणे शक्य असते. म्हणून डॉल्फिनला समुद्राच्या स्वभावाने मिळालेली सोय वाघाला माणसाने मुद्दाम करून द्यावी लागते. नीतीचा प्रश्न इथून सुरू होतो.

सर्कशीतल्या शिकवण्यात ही सोय नव्हती. झुरिकच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक हाइनी हेडिगर यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला हे फार बारकाईने उलगडून दाखवले. प्रत्येक रानटी जनावराची एक पळण्याची मर्यादा असते. त्याहून जवळ कुणी आले की ते मागे सरते. मागे सरायला जागा उरली नाही आणि येणारा आणखी जवळ आला, तर तेच जनावर उलटून अंगावर येते. रिंगमास्टर या दोन मर्यादांच्या काठावर पावले टाकतो. सिंहाला कडेपर्यंत रेटतो, सिंह उलटून पुढे येतो, मध्ये स्टूल असते, सिंह त्यावर चढतो आणि नेमक्या त्या क्षणी रिंगमास्टर एक पाऊल मागे घेतो. सिंह स्टुलावर थांबतो. प्रेक्षकांना ती आज्ञापालनाची कमाल वाटते. सिंहाच्या बाजूने पाहिले तर अंगावर आलेला माणूस मागे हटला, एवढेच घडलेले असते.

सर्कशीचा सगळाच इतिहास मारझोडीचा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. हॅम्बुर्गचे कार्ल हागेनबेक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तापलेल्या सळया आणि चाबूक बाजूला ठेवून मांसाचे तुकडे देऊन सिंह शिकवायला सुरुवात केली. पुढे फ्रान्सचे आल्फ्रेड कोर्ट यांनी सौम्य शिक्षणाची ही परंपरा कळसाला नेली. आणि कोर्ट यांच्याबरोबर नाव येते ते पुण्याच्या दामू धोत्रे यांचे. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० च्या सुमारास भारतीय सर्कशीचा पाया घातला. तिच्या भरभराटीच्या काळात, १९०२ साली, धोत्रे जन्मले. ते पोरवयातच मामांच्या सर्कशीत शिरले आणि १९४० मध्ये अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीत पोचले. बिबटे, जग्वार, प्यूमा अशा एकमेकांना न सोसणाऱ्या मांजरांना एका रिंगणात घेऊन ते उभे राहत. त्यांच्या मराठी आत्मकथनाचे नाव ‘वाघ सिंह माझे सखे सोबती’ असे आहे. ते नाव मनापासून दिलेले होते याबद्दल मला शंका नाही. जनावराचा कान कधी मागे पडतो, शेपटीचे टोक कधी हलते, हे त्यांच्याइतके ओळखणारी माणसे जगात थोडी झाली.

तरीही ते शिकवणे योग्य होते असे मी म्हणणार नाही. पद्धत सौम्य असली तरी खेळाची वेळ ठरलेली होती. संध्याकाळी बँड वाजला की वाघाने रिंगणात यायचेच. त्याचा पाय दुखत असो, तो आजारी असो, त्याला आज कुणाचे तोंड पाहायचे नसो, त्याच्या नकाराला तिकीट काढून बसलेल्या लोकांपुढे जागा नव्हती. खेळ संपला की गाडीचा पिंजरा, आणि मग पुढचे गाव. हागेनबेक यांनी तर स्वभावाने योग्य सिंह तेवढे निवडून बाकीचे बाद केले होते. म्हणजे ज्यांनी नकार दिला ते प्रेक्षकांना दिसलेच नाहीत. शिकवणाऱ्याच्या हातात चाबूक आहे की मांसाचा तुकडा, हे महत्त्वाचे आहेच. पण माझ्या मते खरी कसोटी त्याच्या पुढची आहे. जनावराने ‘आज नाही’ म्हटले तर त्याचे काय नुकसान होते? काहीच होत नसेल, तरच ते शिकवणे चालवून घ्यावे.

आपल्या कायद्याने सर्कशीचा निकाल लावला आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम १९६० च्या कलम २२ खाली केंद्र सरकारने १९९१ मध्ये आणि सुधारित रूपात १४ ऑक्टोबर १९९८ रोजी अधिसूचना काढून अस्वल, माकड, वाघ, बिबटा आणि सिंह यांना खेळासाठी शिकवायला आणि खेळात उतरवायला बंदी केली. सर्कसवाले न्यायालयात गेले. केरळ उच्च न्यायालयाने २००० मध्ये बंदी उचलून धरली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये तिच्यावर शिक्कामोर्तब केले. सर्कशींतून सोडवलेल्या वाघसिंहांसाठी मग बन्नेरघट्टा, वंडलूर, तिरुपती, विशाखापट्टणम अशा ठिकाणी निवारे उभे राहिले. पण याच कायद्याचे कलम २७ फारसे कुणी वाचत नाही. शिक्षण किंवा शास्त्रीय हेतूने प्राणी दाखवणाऱ्या प्राणिसंग्रहालयांना खेळाच्या प्राण्यांबद्दलचे हे सारे प्रकरण लागू नाही, असे ते कलम सांगते. कायदा करणाऱ्यांना त्यातून उपचार आणि अभ्यास यांना मोकळीक द्यायची असावी. मात्र त्यामुळे प्राणिसंग्रहालयात वाघाला काय शिकवायचे आणि काय नाही, हे त्या कायद्याने त्या त्या संग्रहालयाच्या सदसद्विवेकावर सोडले आहे. सर्कशीवर जितका खल झाला त्याच्या दशांशही या गोष्टीवर झालेला नाही.

आता सर्वांत अवघड आक्षेपाकडे येतो. टीकाकार विचारतात की जो प्राणी पोटासाठी तुमच्यावर अवलंबून आहे, त्याच्या ‘आपणहून येण्या’ला काय अर्थ आहे? मांस तुमच्या हातात, दार तुमच्या हातात, मग तो येणार नाही तर काय करणार? आक्षेप खरा आहे. आंबोण पुढे आल्याशिवाय पान्हा न सोडणारी म्हैस आणि मांसाचा तुकडा पाहून शेपटी देणारा वाघ यांचा व्यवहार वरवर सारखाच दिसतो. फरक पडतो तो पुढच्या एका गोष्टीने. शिकवताना दिलेले मांस रोजच्या ठरलेल्या खुराकातलेच असले पाहिजे, आणि वाघ पाठ फिरवून गेला तर उरलेला सगळा खुराक त्याला संध्याकाळी बिनशर्त मिळाला पाहिजे. अनेक प्राणिसंग्रहालयांत मोठ्या मार्जारांना आठवड्यातून एक दिवस उपास असतो. त्यांच्या पचनाला तो मानवतो असे मानतात. त्या उपासाच्या दुसऱ्या दिवशी, पोटात आग पडलेली असताना शिकवायला घेणे मला अप्रामाणिक वाटते. भुकेने आलेला होकार हा होकार नव्हे. एवढे सगळे पाळले तरी त्याला मी वाघाची संमती म्हणणार नाही. त्याने बंदिवास पत्करलेला नाही, आणि रक्त कशासाठी घेतात हे त्याला कळत नाही. नकार फुकट असणे, एवढे एक आपण त्याला देऊ शकतो.

आणि तरीही काही वेळा नकार मोडावा लागतो. जखमेत किडे पडले आहेत, दात मुळापासून सडला आहे, बाळंतपणात पिल्लू अडले आहे, अशा वेळी ‘वाघाची आज इच्छा नाही’ म्हणून गप्प बसणे निर्दयपणाचे होईल. तिथे भुलीची सुईच हवी. फक्त एक करावे, अशा प्रत्येक जबरदस्तीची नोंद ठेवावी आणि वर्षाअखेर ती मोजावी. ज्या संग्रहालयात ती संख्या वर्षागणिक खाली येते तिथले शिक्षण चांगले चालले आहे, असे खुशाल समजावे. वाघ किती नव्या गोष्टी शिकला यापेक्षा तो आकडा मला जास्त विश्वासाचा वाटतो.

करोनाने आपल्याकडेही हा प्रश्न दाराशी आणून ठेवला होता. मे २०२१ मध्ये हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयातल्या ८ सिंहांना लागण झाली. पुढच्या महिन्यात चेन्नईजवळच्या वंडलूरला करोनाची लागण झालेले सिंह दगावले. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने २०२२ मध्ये प्राण्यांसाठी ‘अँकोव्हॅक्स’ ही लस आणली. लस तयार झाली, पण ती सिंहाच्या अंगात जाणार कशी? एकेका सिंहाला डार्ट मारत किंवा चेपत बसायचे, की तो जाळीला खांदा टेकून उभा राहील अशी तयारी आधीपासून करायची? साथ आल्यावर ही तयारी सुरू करता येत नाही. आणि ती एका माणसाने, त्याच त्या कीपरने, रोज थोडी थोडी करायची असते. कंत्राटावर सहा महिन्यांसाठी आलेल्या मुलाकडून किंवा दर वर्षी बदली होणाऱ्या कर्मचाऱ्याकडून ती होणार नाही. वाघाच्या भल्याचा विचार करायचा तर कीपरच्या नोकरीचा आणि पगाराचाही विचार करावा लागतो.

शिक्षणाची बाजू इतकी मांडल्यावर त्याचा मोठा धोकाही सांगतो. शहाणा, शिकलेला, हाकेला येणारा वाघ पाहून आपल्याला वाटते की याचे बरे चालले आहे. ते खरे असेलच असे नाही. मोगल दरबारात शिकारी चित्ते शेकड्यांनी पाळले जात. कोल्हापूरसारख्या संस्थानांत विसाव्या शतकापर्यंत काळविटांच्या शिकारीला पाळीव चित्ते सोडत असत. ते चित्तेवानांच्या खाटेशेजारी झोपण्याइतके माणसाळलेले असत. पण ते पिंजऱ्यात वीत नसत. बंदिवासात चित्त्याची मादी व्याल्याची एक नोंद जहांगीर बादशहाने १६१३ मध्ये केली, आणि त्यानंतरची नोंद थेट १९५६ सालची, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाची. मधली जवळजवळ साडेतीनशे वर्षे दरबारातला प्रत्येक शिकवलेला चित्ता रानातून पकडून आणलेला होता. भारतातला चित्ता संपण्यामागे ही धरपकड हेही एक कारण होते. इतका आज्ञाधारक प्राणी आतून किती बिघडलेला असू शकतो, याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही.

शिकवण्याचा तास पंधरा-वीस मिनिटांचा. उरलेला दिवस वाघ काय करतो? रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या ऑक्सफर्डच्या संशोधक स्त्रियांनी २००३ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की ज्या मांसभक्षक प्राण्यांचा रानातला फिरण्याचा टापू मोठा असतो, ते पिंजऱ्यात जास्त येरझारा घालतात आणि त्यांची पिल्लेही जास्त मरतात. ध्रुवीय अस्वलाचे पिंजऱ्यातले आवार त्याच्या रानातल्या टापूच्या दहा लाखांश भागाएवढे असते, असे त्यांनी मांडले. शेपटी पुढे करायला शिकवून हे अंतर भरून निघत नाही. याउलट हाल मार्कोविट्झ यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिसंग्रहालयात एका आफ्रिकी बिबट्या मादीसाठी केलेला प्रयोग मला फार शहाणपणाचा वाटतो. १९९५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आवारात वेगवेगळ्या जागी पाखरांचे आवाज उमटत. ती आवाजाचा माग काढत धावली, चढली, की शेवटी तिला खाणे मिळे. तिचे फिरणे-चढणे वाढले आणि येरझारा कमी झाल्या. इथे माणूस समोर नव्हताच. तिला आज्ञा पाळायची नव्हती, शिकार करायची होती. शिकवण्याच्या नावाखाली आपण बहुतेक वेळा प्राण्याला माणसाकडे ओढतो. मार्कोविट्झ यांनी तिला तिच्या स्वतःच्या जातीकडे परत ढकलले.

काही मार्जारांना तर शिकवूच नये. जुन्नरच्या उसात वाढलेले बिबटे माणिकडोहच्या निवारा केंद्रात येतात, त्यांतले काही परत रानात जायचे असतात. ऊसतोडणीत सापडलेली बिबट्याची पिल्ले आईच्या स्वाधीन करण्याचे काम वनखाते आणि त्याच्याबरोबरची माणसे वर्षानुवर्षे करत आली आहेत. अशा पिल्लाला माणसाच्या हातून मांस खायची सवय लागली, तर पुढे गावाच्या वेशीवर त्याचा आणि एखाद्या पोराचा जीव धोक्यात येईल. मध्य प्रदेशात कान्हाच्या आवारात वाढवलेल्या दोन अनाथ वाघिणी २०११ मध्ये पन्नात सोडल्या. त्यांतली टी-४ रानात स्थिरावली आणि तिला पिल्लेही झाली. वाढवताना तिला माणसापासून लांब ठेवून शिकारीचा सराव करू दिला होता, म्हणून ते जमले. ज्याला परत जायचे आहे त्याने माणसाची भीती विसरता कामा नये. ज्याला कधीच परत जाता येणार नाही, त्याची भीती मात्र आपण कमी करणे लागतो. एकाच केंद्रात शेजारशेजारच्या पिंजऱ्यांत हे दोन्ही प्राणी असतात, आणि त्यांच्याशी उलट वागण्याची शिस्त पाळणे ही तिथल्या माणसांची रोजची परीक्षा असते.

प्रौढ वयात रानातून पकडलेला आणि आता जन्मभर पिंजऱ्यात राहणारा बिबट्या, हा माझ्या मते सगळ्यांत दुःखाचा प्रश्न आहे. त्याला माणूस जवळ येणे हीच शिक्षा असते. त्याला आधी लपायला जागा द्यावी, उंच फळी द्यावी, लोकांच्या नजरेआड राहू द्यावे. तो कधी आपणहून जाळीपाशी आला तर पुढचे पाहावे. नाही आला तर त्याचा तो नकार कायमचा मानावा.

प्रदर्शनाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे माझ्या मनात दुमत नाही. वाघाच्या बछड्यांना बाटलीने दूध पाजू देणे, वाघाशेजारी बसून फोटो, सिंहाबरोबर फेरफटका, हे शिकवण्याचे प्रकार प्राण्यासाठी नसतात. थायलंडच्या ‘टायगर टेंपल’मध्ये लोक वाघांना कवटाळून फोटो काढत. २०१६ मध्ये तिथून १३७ वाघ बाहेर काढले, तेव्हा शीतपेटीत बछड्यांची ४० कलेवरे सापडली. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये कायदा करून लोकांना मोठ्या मार्जारांना हात लावण्यास मनाई केली. आणि लास वेगासच्या रंगमंचावर ३ ऑक्टोबर २००३ रोजी माँटेकोर या वाघाने जादूगार रॉय हॉर्न यांची मान धरली, तेव्हा तो वाघ काही रानातून कालच आलेला नव्हता, त्यांच्याच हाताखाली वाढलेला होता. हॉर्न यांनी त्या वाघाला मारू नका असे सांगितले, हे त्यांच्या मोठेपणाचे. पण त्याला रंगमंचावर आणण्याचे कारण मुळात नव्हते.

प्राणिसंग्रहालयाने लोकांसमोर वाघाची तपासणी करून दाखवली तर चालेल का, असेही विचारतात. चालेल, एका अटीवर. वाघ आलाच नाही तर कीपरने लोकांना तसे सांगून कार्यक्रम तिथेच संपवावा, आणि लोकांनी कुरकुर न करता घरी जावे. ही अट मान्य नसेल तर ती पुन्हा सर्कसच होईल.

राणीच्या बागेत, कात्रजला किंवा गोरेवाड्याला मुलांना घेऊन जाल तेव्हा वाघ उठावा म्हणून टाळ्या आणि आरोळ्या ठोकू नका. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३८-जे नुसार प्राणिसंग्रहालयात आवाज करून प्राण्याला त्रास देणे हा गुन्हा आहे, आणि झोपून राहणे हाही त्याचा नकारच आहे. तिथल्या माणसांना चार प्रश्न जरूर विचारा. या वाघाचे शेवटचे वजन केव्हा आणि कसे केले? रक्त घ्यायला भूल द्यावी लागते का? त्याला लोकांच्या नजरेआड जायला जागा आहे का? आणि तो हाकेला आला नाही, तर त्या दिवशी त्याला पूर्ण खाणे मिळते का? उत्तर मिळाले नाही तर हेच प्रश्न संग्रहालयाच्या कार्यालयाकडे लेखी पाठवा. आपल्याकडची यांतली बरीचशी संग्रहालये लोकांच्या पैशावर चालतात आणि लोकांना उत्तर देणे त्यांचे काम आहे.